पंचवीस इंचांचं धनुष्य

मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी इस्लामपूरच्या आमच्या अंगणात मी लोकरीचा कोट घालून उभी होते. दारात मुंबईच्या विमानतळावर न्यायला आलेली जीप, टपावर वडील बॅगा बांधतायत, आणि आई मला गोल फिरवून कोट मागून कसा दिसतो ते बघतेय. कोट माझ्या गुडघ्यांच्या खाली गेला होता आणि बाह्यांतून बोटांची फक्त टोकं बाहेर आली होती. "असू दे," आई म्हणाली, "वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं. आत दोन स्वेटर बसतील, आणि अंगही भरेल." मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, लग्न झालेली. नववीत पाच फूट एक इंचावर जी थांबले ती थांबलेच होते, पण हे आईला सांगायची सोय नव्हती. शेजारणी हसल्या, मी रडले आणि घामाने निथळत जीपमध्ये बसले.

तुमच्यापैकी जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या दोघांनाही हे वाढत्या अंगाचं प्रकरण सांगायला नको. शाळेच्या फ्रॉकला आतून चार बोटं दुमड, बुटांच्या पुढच्या टोकात कापसाचा बोळा. आपल्या मापाची वस्तू घेणं म्हणजे उधळेपणा, असंच आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मी अमेरिकेत नोव्हायला आले तेव्हा तर सगळंच मापापेक्षा मोठं निघालं. रस्ते मोठे, फ्रीज मोठा, दुधाचा कॅन उचलायला दोन हात लागायचे. नवरा मिलिंद नागपूरचा, गाड्यांच्या डिझाइनमध्ये. तो सकाळी ड्राइव्ह करत ऑफिसला गेला की मी त्या मोठ्या घरात एकटी. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, तेव्हा सहा वर्षं मी खिडकीतून बर्फ बघितला आणि सवय होईल, सवय होईल असं स्वतःला सांगत राहिले.

पुढे परवानगी आली, मी इथल्या कॉलेजात शिकले आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात लागले. आज त्या खात्याची मी प्रमुख आहे. हे मिरवून सांगतेय, कारण ते मिरवण्यासारखं आहे. दिवसभर मी भाग मोजते. केसाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी अख्खी खेप परत पाठवते. म्हणून पुढची गोष्ट सांगताना मला स्वतःचंच हसू येतं.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर कॅरल बसायची. उत्तरेला दोन तासांवर तिचं चाळीस एकर रान आहे, आणि दर ऑक्टोबरात ती धनुष्यबाणाने हरणाची शिकार करते. आपल्याकडे हा गुन्हा. इथे त्याचा वर्ग असतो, परीक्षा असते, परवाना असतो. एकदा तिने मला हरणाचं मटण दिलं. मी आमच्या कांदा-लसूण मसाल्यात तांबडा रस्सा केला आणि तिला डबा नेला. ती नाक पुसत, घाम पुसत सगळा संपवून म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझं हरीण तू आण." मिलिंदला वाटलं मी गंमत करतेय. मी वर्गात नाव घातलं तेव्हा तो म्हणाला, "काय करून राहिली बे तू?"

इथलं शिकारीचं धनुष्य, कंपाउंड बो, म्हणजे चित्रातलं रामाचं धनुष्य नव्हे. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढताना आधी जोर लागतो, मग एका ठिकाणी ती अडते आणि हातावरचा भार एकदम हलका होतो. तिथे थांबून नेम धरायचा. ती अडायची जागा ज्याच्या त्याच्या हाताच्या लांबीप्रमाणे लावावी लागते, आणि ती चुकली की सगळंच चुकतं. मी माझं पहिलं धनुष्य कारखान्यातल्या एका सहा फुटी माणसाकडून घेतलं. हातात धरल्या धरल्याच ते मोठं वाटलं, पण मनात आलं, मोठं तर मोठं, सवय होईल. दिवसाला हजार भाग मोजणाऱ्या बाईने ते धनुष्य काही मोजलं नाही.

दोन वर्षं मी त्याच्याशी झगडले. दोरी ओढताना अंग मागे झुकायचं, दोरी कोपराला सपकन लागायची आणि हात काळानिळा व्हायचा. दोष माझाच, सराव कमी पडतोय, असं मी धरून चालले. आणि मागच्या ऑक्टोबरात माझा बाण एका हरणीच्या खांद्यामागे बसण्याऐवजी पोटात बसला. ती पळाली. मी आणि कॅरल दुपारपर्यंत पानांवरचे रक्ताचे थेंब बघत चाललो, आणि दलदलीपाशी थेंब संपले. कॅरल दलदलीच्या कडेने पुढे शोधत राहिली. मी मात्र त्या चिखलात बसून हुंदके देऊन रडले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आईला मी हे बऱ्याच दिवसांनी फोनवर सांगितलं. आमच्या घरात मटण दर रविवारचं, तेव्हा शिकारीला तिचा विरोध नव्हता. ती म्हणाली, "मुकं जनावर गं ते. एका बाणात जमत असेल तर जा. नसेल जमत तर ठेवून दे ते धनुष्य." मी ते ठेवून दिलं. हिवाळाभर ते गॅरेजमध्ये पडून होतं, आणि येता-जाता मला ती हरणी आठवायची. शिकार सोडायची की नीट शिकायची, हे मला ठरवायचं होतं.

वसंतात माझी सोळा वर्षांची लेक इरा मला धनुष्यांच्या दुकानात घेऊन गेली. मालक डेल नावाचे म्हातारे गृहस्थ. मी जुनं धनुष्य त्यांच्यापुढे ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप धरली. साडेबासष्ट इंच. त्याला अडीचने भागायचं, म्हणजे दोरी किती इंचांवर अडायला हवी ते निघतं. "पंचवीस," ते म्हणाले. मग जुन्या धनुष्याचं माप घेतलं. ते निघालं साडेसत्तावीस. "दोन वर्षं तुम्ही दुसऱ्याचं धनुष्य ओढत होतात."

आणि तरीही माझ्या तोंडून गेलं, "सव्वीसवर लावा ना. सवय होईल."

डेलनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही अजून वाढणार आहात का, मॅडम?"

इरा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आई, यू आर फॉर्टी-सिक्स!" मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. उगाच नाही भरले. सेहेचाळीस वर्षांत माझं माप घेऊन, तेवढंच लावून कुणी काही हातात दिलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं.

मग ताकदीचा प्रश्न आला, म्हणजे दोरी ओढायला किती पौंडांचा जोर लागावा. शेजारी एक तरणाबांड गडी सत्तर पौंडांचं धनुष्य लीलया ओढत होता. मी पंचावन्नचं मागितलं. डेलनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, आता धनुष्य वर न उचलता, सरळ समोर ओढा. पंचावन्न हललं नाही. पन्नासला दात-ओठ खाल्ले. त्रेचाळीसला दोरी सरळ गालापाशी आली आणि हात स्थिर राहिला. वीस यार्डांवरच्या हरणाला एवढं पुरतं, फक्त त्यापुढे मारायचं नाही, असं ते म्हणाले. त्या गड्यासमोर त्रेचाळीस घ्यायला जरा जिवावर आलं. पण मी तेच घेतलं, साधं, काळं. इराने ते गाडीत मांडीवर ठेवलं.

उन्हाळाभर कामावरून सुटले की मी सरावाच्या मैदानावर जायचे. मी स्वतःला अट घातली होती: वीस यार्डांवर कागदी थाळी लावायची, वीस बाण मारायचे, आणि वीसच्या वीस थाळीत बसल्याशिवाय यंदाचा परवाना काढायचा नाही. जूनमध्ये तेरा बसले. जुलैत सतरा. ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी इरा थाळीपाशी जाऊन मोजत होती आणि तिथूनच ओरडली, "ट्वेंटी! ऑल ट्वेंटी!" त्या रात्री मिलिंदने स्वतः परवान्याचा फॉर्म भरला.

यंदा ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी सकाळी मी कॅरलच्या रानात, झाडावरच्या मचाणावर बसले होते. उजाडल्यावर थोड्याच वेळात एक थोराड शिंगांचा नर आला आणि पस्तीस यार्डांवर आडवा उभा राहिला. कॅरलने आयुष्यभर वाट बघावी असा. मी दोरीला हात लावला नाही. तो निघून गेला तेव्हा मला हळहळ वाटली नाही, उलट ऊर भरून आला. तासाभराने एक हरणी अठरा यार्डांवर आली. दोरी गालापाशी आली, हात थांबला, बाण गेला. ती चाळीस पावलं पळाली आणि माझ्या डोळ्यांदेखत पडली, मग हलली नाही. मी खाली उतरून तिच्या मानेवर हात ठेवला आणि नमस्कार केला. कॅरल आली, बाण कुठे लागला ते बघितलं आणि मला घट्ट मिठी मारली.

मी तिथूनच इस्लामपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, आईजवळ शेजारच्या काकू बसलेल्या. आईने एवढंच विचारलं, "किती बाण?"

"एकच."

आईने फोन काकूंपुढे धरला. "बघा, आमच्या वैशालीनं मारलंय."

"अगं बाई, पोलीस धरतील की हो तिला!"

"काय धरतायत! परवाना आहे तिच्याकडं," आई ठसक्यात म्हणाली. "आणि तिच्या स्वतःच्या रानात मारलंय तिनं."

तुमचं घर कुठलं, असं कुणी विचारलं की एकवीस वर्षं मी चाचरत आले. इस्लामपूर म्हटलं तर ते आता सुट्टीपुरतं, नोव्हाय म्हटलं तर आईला काय वाटेल. आईनेही इतक्या वर्षांत अमेरिकेतली एकही जागा माझी म्हटली नव्हती. आणि रान कॅरलचं आहे, हे तिला मी दहादा सांगितलंय, तिच्या चांगलं लक्षात आहे.

मी तिची चूक दुरुस्त केली नाही.