रिलीव्ह झालेली माणसं

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि आमच्या ऑफिसच्या फायली इंदूरला जाऊ लागल्या. किस्से मात्र इथेच साठले. त्यातले निम्मे एकाच इंग्रजी शब्दाचे, 'रिलीव्ह'! बदलीच्या हुकमात तो असायचाच. अर्थ एवढाच, कामातून मोकळं केलं. पण तो कळायला आम्हाला वेळ लागला.

*

पहिला हुकूम हेडक्लार्क कानड्यांना. ते पोटदुखीने रजेवर होते. घरी कागद पोचला, 'मिस्टर कानडे इज रिलीव्ह्ड.' त्यांनी डिक्शनरी काढली. अर्थ निघाला, 'आराम पडलेला'.

दुसऱ्या दिवशी हजर! "पोट दुखतंय हो अजून. पण वरूनच बरा झाल्याचं लिहून आलंय, तर घरी कसा बसू?"

*

टायपिस्ट मुळे 'रिलीफ' आणि 'रिलीव्ह' यांत गोंधळायचे. साहेबांनी समजावलं, "रिलीफ म्हणजे सुटका. रिलीव्ह म्हणजे सुटका करणं."

"म्हणजे रिलीव्ह तुम्ही करायचं, रिलीफ आम्हाला!"

*

पवारांचे वडील, आजोबा संस्थानच्या फौजेतले. पवारांचं खातंच बंद झालं, रिलीव्हचा हुकूमही आला, तरी ते खुर्ची सोडेनात. "माझ्या जागी कोण आलंय? पहाऱ्यावरचा माणूस बदलीचा माणूस आल्याशिवाय हलत नाही."

कपाटं गेली, टेबल गेलं. पवार रोज दहाला येऊन रिकाम्या खोलीत बसत. शेवटी साहेब स्वतः गेले. "पवार, मी आलोय. उठा."

पवारांनी कडक सॅल्यूट ठोकला, साहेबांना खुर्चीत बसवलं आणि बाड्याच्या चौकाकडे चालू लागले.

*

पुढे साहेबांचीच बदली झाली. निरोपाला मुळे इंग्रजीत बोलले, "सर, यू आर रिलीव्ह्ड. वुई आर ऑल्सो व्हेरी मच रिलीव्ह्ड!"

सगळे गार. साहेब म्हणाले, "मुळे, आज शब्द बरोबर वापरलात!"

*

आमचे तांबे इंदूरला एकटेच गेले होते. इकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बायको आणि आजारी वडील. वडिलांसाठीच ते परत बदली मागत होते. ती मिळाली, तेव्हा तिथल्या सहकाऱ्याने घरी तार केली, 'तांबे रिलीव्ह्ड मंडे.'

शेजारच्या मास्तरांनी तार वाचून मान खाली घातली. "तांबे सोमवारी सुटले." घरात एकच रडारड उसळली.

बुधवारी सकाळी तांबे स्टेशनजवळच्या पडावहून टांग्याने आले. दारात ही गर्दी! वडील कुठे दिसेनात. कडेला शेजारचे शर्माजी गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

"शर्माजी, कौन गया?"

शर्माजींनी वर न बघताच सांगितलं, "अपने तांबे साहब."

तांबे तिथेच खाली बसले. डोळे भरून आले.

"कब?"

"सोमवार को," शर्माजी म्हणाले, "इंदौर में."