औषधाच्या दुकानाला बांधलेली मेंढी

ती मेंढी आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. परभणीत मी फौजदार होतो, पण लोकांच्या तोंडी अजून निजामाच्या वेळचं 'अमीनसाब'च. उन्हाळ्यातल्या एका दुपारी बाजारातला औषधवाला घाम पुसत ठाण्यात आला. मधुमेहाच्या रोग्यांना टोचतात त्या इन्सुलिनची बाटली त्याच्या बर्फाच्या पेटीतून चोरीला गेली होती.

"जेवायला आत गेलो तेवढ्यात, अमीनसाब! अन् वर कुणीतरी दाराला मेंढी बांधून गेलंय. माझं गोणपाट खायलीय. तिचंही बघा."

फिर्याद लिहून घेतली, पंचनाम्याला गेलो. गल्ल्याला कुणी हात लावला नव्हता. मेंढीचा डावा कान मात्र कातरलेला होता. धनगरांत घराघराची कानाची खूण वेगळी असते, हे या भागात नोकरी केलेल्याला सांगावं लागत नाही. तेवढ्यात समोरच्या चहावाल्यानं खबर दिली, की मेंढीवाला सकाळी बाजारातल्या एका म्हाताऱ्या धनगराशी बोलत होता. म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. औषधवाला शेजारीच बसला होता.

"मेंढी कुणाची?"

"काय की, साहेब."

दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं.  मग म्हाताऱ्यानंच विचारलं, "बाटली घावली तर तुमी काय करता?"

"जप्त करणार. लाखेची मोहर लावून मालखान्यात ठेवणार."

"तिथं बर्फ ऱ्हातो का?"

माझं डोकं फिरलं. "मालखाना आहे तो, रसवंती नव्हे!"

म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "मंग पोर मेली म्हणायची, साहेब. माझ्या पुतण्याची लेक हाय. चुडाव्याला पडलीय. रोज सुई लागती. बाटली संपली, चिठ्ठीबी संपली, डॉक्टर गेला त्याच्या गावाला. मेंढी इकून औषध न्यायला आला व्हता त्यो. ह्ये म्हणले, नवी चिठ्ठी आण. कुठून आणावी? शेवटी मोलाच्या जागी मेंढी बांधली अन् बाटली बर्फासकट घोंगडीत गुंडाळून गाडीनं गेला."

औषधवाला पुटपुटला, "कायदा तसाच आहे." होताच तसा. तरी मला त्याचा भयंकर राग आला.

बाटली ओळखायला औषधवाल्यालाच घेऊन पुढची गाडी धरली. वाटेत पूर्णेला इंजिन पाणी घेत उभं राहिलं आणि मी फलाटावर नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. बाटली जप्त केली तर औषध नासणार, पोर जाणार. नाही केली तर मी कसला फौजदार? मन ठरत नव्हतं.

चुडाव्यात बाप दारातच आडवा आला. "मला न्या. बाटली ऱ्हाऊ द्या." आत दहाएक वर्षांची पोर धापा टाकत पडली होती. आई चुलीवर सुई उकळत होती. तिनं माझ्या वर्दीकडे पाहिलंसुद्धा नाही. "एवढं टोचू द्या, मंग काय करायचं ते करा."

मी घोंगडीतली बाटली उचलून औषधवाल्यासमोर धरली. "ओळखा. तुमचीच ना?"

त्यानं पोरीकडे पाहिलं, बाटली उलटसुलट केली. त्याच्या दुकानाच्या नावाचा कागद तिच्यावर चिकटवलेला होता. मग ती आईच्या हातात देत म्हणाला, "माझी नाही ही."

"नीट वाचा."

"चष्मा विसरलो."

चष्मा त्याच्या नाकावर होता! मी पुन्हा विचारलं नाही. सुई टोचून झाल्यावर तोच पोरीला उचलून स्टेशनावर निघाला आणि नांदेडच्या दवाखान्यापर्यंत गेला. पोर वाचली.

चोरी झाली की काय गेलं ते सगळेच सांगतात. त्या दिवसापासून मी आधी बघायचो, मागे काय राहिलं.

पोर घरी आल्यावर बापाला अन् औषधवाल्याला ठाण्यात बोलावलं आणि बापाला म्हटलं, "मेंढी घेऊन जा." तो औषधवाल्याकडे बघत म्हणाला, "माझी न्हाई ती." औषधवाला म्हणाला, "बाटली माझी नव्हती, मग मेंढी माझी कशी?" दोघंही हटेनात. शेवटी बेवारस म्हणून ती ठाण्याच्या आवारातच राहिली आणि माझी बदली होईपर्यंत तिला पाला मीच घालत होतो.