थडग्यात ठेवायची कुपी

हे गेले, आणि दिवसकार्य उरकताच मुलगा मला इंग्लंडला, मिल्टन कीन्सला घेऊन आला. व्हिसा सहा महिन्यांचा. परतीचं तिकीटही त्यानेच काढलेलं. मुलगा-सून ऑफिसला गेले की घरात मी एकटी. बाहेर पडावं तर सगळीकडे तीच झाडं, तेच राउंडअबाउटचे गोल चौक. एकदा रस्ता चुकले. मुलाला मीटिंग सोडून शोधायला यावं लागलं. "आई, एकटी नको ना जाऊस," एवढंच म्हणाला. मी जाणं सोडलं.

मग सून मला कम्युनिटी सेंटरच्या पॉटरी क्लासला सोडू लागली. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा जुन्या ग्रीक कुपीचा फोटो आणला. उंच, पांढरी, अरुंद गळ्याची. तेल भरून ती मयताबरोबर थडग्यात ठेवत. वर चित्र होतं: टोपली घेऊन थडग्यापाशी आलेली बाई, आणि समोर नुसता उभा असलेला पुरुष.

"हा कोण?" मी विचारलं.

"गेलेला माणूस. ती त्यालाच भेटायला आलीय."

ह्यांच्या वेळी मडकं मुलाने फोडलं. मी घरीच होते. बायकांना स्मशानात नेलंच नव्हतं.

मीही तशी कुपी केली आणि तिच्यावर ह्यांना काढलं. नाक बिघडलं, पण हातातली भाजीची पिशवी जमली.

कुपी भाजून घरी आली, तेव्हा सून म्हणाली, "आई, किती छान! हॉलमध्ये ठेवूया."

मुलाने ती हातात घेतली. "बाबा?"

"हो."

कुपी कसली ते मी सांगितलं. त्याने ती चटकन खाली ठेवली. "असलं घरात कशाला, आई?"

"मग मला आत्ताच पुण्याला, घरी जाऊ दे."

"तिकडे एकटी काय करशील?"

"इथे काय करते?"

सून गुपचूप स्वयंपाकघरात गेली. मुलगा म्हणाला, "तुला तिकडे काही झालं तर? बाबा असेपर्यंत पोचलो का मी?"

मी पुण्याचा विषय सोडला. परतीच्या तिकिटाची तारीख बदलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने निघताना दार ओढून घेतलं, आणि त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले.