लाल मातीतला बदकतोंड्या

आमच्या निरगुडसरचा गोरख म्हणजे एकेकाळचा पैलवान आणि जन्माचा हट्टी माणूस. गुडघा गेला, कुस्ती सुटली, पण मान ताठ ती ताठच. अशा माणसाने पोटासाठी काय करावं? जत्रेतल्या खेळात डायनोसॉर व्हावं! तोही मार खाणारा. त्या खेळाचा टेम्पो मीच चालवतो, त्यामुळे गोरखचं मरण मी गावोगाव पाहिलंय.

खेळ दोघांचा. दादाभाऊ टी-रेक्स आणि गोरख बदकतोंड्या, म्हणजे बदकासारखी चपटी चोच असलेला, पाला खाणारा डायनोसॉर. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचे शेवटचे दिवस!" असं आमचा ऋषी माईकवर ओरडायचा, हलगी कडाडायची आणि दादाभाऊ धावून यायचा. दोघं एकाच तालमीतले, तेव्हा मारामारी लटकी नसायचीच. ढुशी बसायची, शेपटीचे फटके बसायचे, नाकातून खरं रक्त यायचं. पब्लिक चेकाळायचं. "फाड त्याला! नरडं धर!" पोरं कडेवर घेऊन आयासुद्धा ओरडायच्या. किळस यायची मला त्या लोकांची.

पहिल्याच दिवशी गोरखने ऋषीला विचारलं होतं, "ह्याला शिंगं न्हाईत, नख्या न्हाईत. मग हा लढतो कशानं?"

"लढत नाही. दात शेकड्यांनी आहेत, पण ते पाला दळायला," ऋषी म्हणाला. मग गोरखचं पडलेलं तोंड बघून त्याने जोडलं, "पण अमेरिकेत एकाचं हाड सापडलंय. शेपटीला मोठा चावा बसलेला आणि जखम भरून आलेली. म्हणजे तो वाचला."

"वाचला ना? मग झालं!"

तेवढ्या एका हाडाच्या जोरावर गोरख गावोगाव मरत राहिला.

मरायची खूण ठरलेली होती. टी-रेक्सच्या जबड्यात लोखंडी सांगाडा, त्यावर स्पंज. दादाभाऊ आतून मोटरसायकलच्या क्लचची वायर ओढायचा की जबडा मिटायचा. हलगीत त्याला बाहेरचं काही ऐकू यायचं नाही आणि गळ्यातल्या जाळीतून दिसायचं तेही जेमतेम. म्हणून गोरखने उताणं व्हायचं. बदकतोंड्याचं पांढरं पोट वर दिसलं की दादाभाऊ वायर सोडणार. शाळेच्या मैदानावर, गवतावर, डांबरावर गोरख खुशाल उताणा पडायचा.

बेल्ह्याच्या जत्रेत मात्र खेळ लावला तो कुस्त्यांच्या हौद्यात. लाल माती! त्या मातीला गोरखची पाठ कधी कुणी लावली नव्हती. आत उतरताना त्याने चिमूटभर माती उचलून चोचीला लावली. कडेला उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, लंकाबाईचा चेहरा तेव्हाच उतरला.

दादाभाऊने खांदा धरला. स्पंज पार झिजला होता. लोखंड थेट मांसात गेलं आणि गोरखने बोंब ठोकली. लोकांना वाटलं, काय अॅक्टिंग आहे! दादाभाऊ आतून खुणेची वाट बघतोय आणि पांढरं पोट काही वर येईना. मग त्याने वायर आणखी ओढली, झटके दिले, फरफटत नेलं. खांद्याखालून रक्ताची धार लागली. हात भलतीकडेच वळून लोंबायला लागला. गोरख कुशीवर व्हायचा, पालथा पडायचा, गुडघ्यावर उठायचा, पण पाठ टेकवेना.

"लई भारी, राव!" माझ्या शेजारचा मिशाळ बाप्या टाळ्या पिटत होता.

"अवो, उताणं व्हा!" लंकाबाई किंचाळली.

"न्हाई! ह्या मातीत न्हाई!"

मी गर्दी रेटत निघालो, पण ती माझ्याआधी पोचली. हौद्यात बाईने पाय ठेवायचा नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. लंकाबाईने पदर खोचला. अडवायला आलेल्या एकाच्या कानाखाली जाळ काढला आणि उडी मारली. गोरखच्या बरगडीत गुडघा रोवून तिने सगळ्या ताकदीनिशी त्याला उलटा केला. पाठ मातीला लागली, जबडा सुटला. दादाभाऊ टी-रेक्समधून बाहेर आला तो हंबरडा फोडतच.

हात खांद्यापासून काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर माणूस गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर आल्यावर त्या माणसाने हाताकडे बघितलंसुद्धा नाही. "लंके, पाठ लागली का माझी?"

माझं डोकंच फिरलं. आता ही बाई त्याला फाडून खाणार, असं मला वाटलं. तिच्या नखांत अजून लाल माती होती.

"न्हाई," ती म्हणाली. "कुशीवरच व्हता तुमी. दादाभाऊनंच सोडलं."

गोरखने समाधानाने डोळे मिटले. हौद्याभोवती त्या दिवशी हजारभर माणूस होतं आणि सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. परवा बेल्ह्याच्या बाजारात तो मिशाळ बाप्या आम्हाला भेटला. गोरखची रिकामी बाही बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाठ नाय लागली, भाऊ, तुमची," तो म्हणाला. "म्या बगितलंय."