पोराचं कुंडं

आमच्या गावचे लुआनकाका कुंभार आयुष्यभर मुद्दाम कच्ची भांडी करत आले. पाण्याचे रांजण आणि लोणच्याच्या बरण्या कारखान्यांनी कधीच हिरावून नेल्या. उरलं ते मयताचं कुंडं. माणूस गेला की शवपेटीपुढे त्यात मेलेल्याच्या खर्चाला म्हणून खोट्या कागदी नोटा जाळायच्या आणि पेटी उचलताना मुलाने ते दगडावर आपटायचं. एका फटक्यात फुटलं पाहिजे. नाही फुटलं तर मेलेल्याचा पाय घरातून निघत नाही. म्हणून काका माती कमी मळत आणि भट्टी अर्ध्यावर विझवत. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही कुंड्याने दगा दिला नाही.

मी त्यांच्या समोरच टोफू विकते. मला ते चिडवायचे, "पोरी, तुझा टोफू माझ्या कुंड्यापेक्षा टणक लागतो!"

"काका, तुमचं गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. माझं येतं."

बायको लवकर गेली, एकुलत्या चाओयांगला त्यांनीच वाढवलं. जेवताना सांगायचे, "माझं कुंडं तू फोडायचंस. हात कापता कामा नये."

"बाबा, नूडल्स गार होतायत, त्या खा आधी," पोरगा म्हणायचा.

तो एकतीस वर्षांचा असताना, लग्नही व्हायचं होतं, चिंगदाओ शहरात एका इमारतीच्या बांधकामावर परांचीवरून पडून गेला.

आमच्याकडे बाप मुलाच्या पेटीमागे जात नाही. मोठ्याने धाकट्याला पोचवायचं नसतं. दार लावून आत बसायचं. मला या रीतीची चीड येते, तेव्हाही आली. काकांच्या हातात एकच गोष्ट उरली होती, पोराचं कुंडं. सकाळी मी गेले तेव्हा ते माती मळत होते. दुपारी गेले तरी मळतच होते.

"काका, पुरे झालं आता."

"खडा राहील गं."

"राहू दे ना. फुटायचंच आहे ते."

त्यांनी मातीत पुन्हा हात घातले. त्या वाक्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. पुढे दोन दिवस त्यांची भट्टी विझली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चाओयांगला मूल नव्हतं, म्हणून कुंडं फोडायला त्याच्या वयाने बऱ्याच मोठ्या चुलतभावाचा मुलगा क्वे आला. चांगला सव्वीस वर्षांचा, दांडगा गडी. नोटा जळून झाल्या, खांदेकऱ्यांनी दांड्याखाली खांदे दिले. क्वेने कुंडं डोक्यावर उचललं आणि आपटलं.

ते खणकन वाजलं, उसळलं आणि गडगडत माझ्या पायाशी आलं. राख सांडली होती, पण कुंड्याचा टवकाही उडाला नव्हता. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या.

"हातात जीव नाही का रे?" खांदेकऱ्यांचा म्होरक्या खेकसला.

"जोरातच आपटलं हो मी!" क्वे रडायला लागला. एका खांदेकऱ्याने कुंड्यावर टाच हाणली, तोच घसरून पडला.

आतलं दार उघडलं. आवाजावरून काकांना कळलं होतं. ते बाहेर आले, आणि त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

"त्याला बोलू नका," ते म्हणाले. "मलाच कच्चं करवलं नाही."

त्यांनी कुंडं उचललं, बाहीने पुसलं, विकायला काढताना बघत तसं आतून एकदा बघितलं. मग बापाने पोराचं कुंडं आपटलं. तिसऱ्या वेळेला फुटलं. प्रत्येक वेळी ते म्हणत होते, "जा रे. जा आता."

नंतर त्यांनी एकच कुंडं केलं, स्वतःसाठी. इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. ते खिडकीत ठेवून मला म्हणाले, "माझं तूच फोड. जोर लावायला नको, नुसतं हातातून सोड."

बाईने, त्यातून परक्या बाईने, ते फोडायचं नसतं. मी हो म्हटलं.

गेल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सकाळी टोफू द्यायला गेले तर कुंडं जागच्या जागी तडकून दोन तुकडे झालं होतं, कुणी हात न लावता. काका खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होते.

"दुसरं करा ना काका," मी म्हटलं. "माती मी भिजवते."

"राहू दे," ते म्हणाले. "मला कुठे जायचंय."