उंबऱ्याबाहेर न गेलेला रोट

माहेरी श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली की मी हल्ली पाहुणीसारखी ओट्यावर बसते. सासरी गेलेल्या लेकीला आमच्या घरी रोट देत नाहीत. रोट म्हणजे कानबाईच्या नावानं दळलेल्या गव्हाची जाड, गोडसर पोळी. ती फक्त घरच्यांनी खायची. उंबऱ्याबाहेर तुकडासुद्धा जाऊ द्यायचा नाही, उरली तर खड्डा करून पुरायची. मला जळगावला दिली, माझा हक्क संपला. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच.

माझी बारावी झाली त्या वर्षी शेजारच्या नानांकडे त्यांचा भाचा यायला लागला. धुळ्याकडचा. शेतकीचा डिप्लोमा करत होता, सुट्टी मिळाली की मामाकडे केळी शिकायला यायचा. त्याची अहिराणी ऐकून मी पोट धरून हसायचे. 'शे'शिवाय त्याचं वाक्य संपायचं नाही. तो म्हणायचा, तुम्ही रावेरकडचे लोक भांडल्यासारखं बोलता. खरंच होतं ते, मी तर भांडतच असायचे.

आमची त्या वर्षी नवी लागवड होती, झाडं गुडघ्याएवढी, ससासुद्धा लपला नसता. नानांची बाग मात्र जुनी, माथ्याच्या वर गेलेली. आत शिरलं की भर दुपारी उजेड हिरवा. पायाखाली वाळकी पानं, नळ्यांतून ठिबकणारं पाणी, आणि तो मला केळफुलाची एकेक पाकळी उचलून आतल्या फण्या दाखवायचा. माझं लक्ष फण्यांकडे कुठलं! त्याच्या मनगटाला केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे, मी तेच बघत बसायचे. प्रेम-बिम शब्द आम्ही कधी उच्चारला नाही. जात वेगळी होती, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

श्रावणात कानबाई बसायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "माले तुमना घरना रोट दे."

माय वं! पोरं गुलाब मागतात, पेन मागतात, हा रोट मागतो! त्याच्याही घरी कानबाई बसते, म्हणजे काय मागतोय ते त्याला पुरतं कळत होतं. मलाही कळलं. मी ताठ मानेनं म्हटलं, "देते की, घाबरते की काय मी?"

दुसऱ्या दिवशी आरती झाली, बायका अंगणात गाणी म्हणायला बसल्या आणि मी घरात शिरले. रोटाला हात लावला. चौरंगावर कानबाई, नारळाला नथ घातलेली, काजळाचे मोठे डोळे. सरळ माझ्याकडेच बघतेय असं वाटलं आणि माझा हात मागे आला. एवढीच माझी हिंमत.

पण नाही म्हणायला तोंड कुठलं? मी मागच्या चुलीपाशी गेले. रोजच्या पिठात गूळ कालवला, जाड पोळी थापली, तुपावर भाजली आणि ओढणीत बांधून नानांच्या बागेत गेले. तो चप्पल काढून, पूर्वेकडे तोंड करून बसला. एक कण खाली सांडू दिला नाही.

"तुमना रोट आमनापेक्षा गोड शे," तो म्हणाला. मग ओठ पुसून, अगदी हळू, "आते मी बी तुमना घरना शे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हसले, आणि त्याला वाटलं मी लाजले.

पोळा झाला आणि आमच्या केळीवर हरण्या आला. पानांवर पिवळ्या रेघा पडल्या, मधले कोवळे पोंगे सडायला लागले. या रोगाला औषध नाही, झाड उपटायचं आणि लांब नेऊन पुरायचं. सगळी भावकी उपटायला लागली. तोही आला. आई बांधावर बसून रडत होती आणि एकच सांगत होती, "कोणीतरी घरचा रोट बाहेर नेला हो! कानबाई कोपली!"

त्याच्या हातातलं झाड तिथंच राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक. मी दोन शब्द बोलले असते तर संपलं असतं, अरे ती साधी पोळी होती. पण मग मी भित्री ठरले असते, त्याला फसवणारी ठरले असते, आणि बाबा तर दहा हातांवर उभे होते. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. उद्या सांगू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुळ्याला निघून गेला. पुन्हा फोन उचलला नाही.

मी काय समजले? पळपुटा मेला! शिव्या घातल्या, रडले, मग जळगावचं स्थळ आलं, हो म्हटलं. हरण्या कशानं आला ते पुढं कृषी सहायकानं सांगितलं. आईनं कानबाईच्या भाजीसाठी बांधावर गंगाफळाचे, म्हणजे लाल भोपळ्याचे, वेल लावले होते, रोग आधी वेलांवर आला, तिथून मावा किडीनं केळीवर नेला. आई आजही ते मानत नाही.

यंदा ओट्यावर बसले होते तर नाना काठी टेकत आले. बोलता बोलता भाच्याचा विषय निघाला. "आलाय काल. पन पोरी, तुमच्या बांधावर पाय ठेवत नाही पाहा. पार नदीकडून वळसा घालून येतो. म्हने, माझा पाय त्या बागेले लाभत नाही. घरी कानबाई बसते, सगळे रोट खातात, हा हात जोडून बाजूले बसतो."

मावा, हरण्या, सगळं पाठ असलेला माणूस तो. तरीसुद्धा.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी उठले आणि नदीच्या वाटेला जाऊन उभी राहिले. तो आला. कानशिलाचे केस पिकलेले, अंगानं भरलेला. अहो म्हणू की अरे, तेच कळेना. मी सगळं एका दमात ओकले. नारळाचे डोळे, मागची चूल, गूळ. म्हटलं, "तुझ्या हातून काही पाप झालं नाही रे. रोट उंबऱ्याबाहेर गेलाच नव्हता. ती नुसती पोळी होती."

मला वाटलं होतं तो चिडेल, नाहीतर सुटल्यासारखा हसेल. तो पाण्याकडे वळला.

"म्हणजे मी तुमना घरना कधीच नव्हतू," तो म्हणाला.

इतकी वर्षं त्यानं पाप वाहिलं खरं, पण त्या पापाच्या पोटात ही एक गोष्ट त्यानं जपून ठेवली होती, आणि तीसुद्धा मी आज काढून घेतली.

त्यानं मान हलवली, "येतो" म्हणाला. नदीकडच्या वाटेला न लागता तो आमच्या बांधावर चढला आणि केळीच्या कडेकडेनं सरळ नानांच्या घराकडे चालत गेला, कुणीही परका माणूस जातो तसा. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?