घोडा खाण्याइतकी भूक

“तुला तर जमेलच की. तुमच्यात सगळं चालतं.”

सर असं म्हणाले आणि खोलीभर हसू फुटलं. मी उभी होते. नवा युनिफॉर्म, गळ्याला टोचणारा स्कार्फ, नावाची पट्टी. पट्टीवर आडनावही होतं.

कोल्हापुरातल्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला लागणार होते. आधी ट्रेनिंग. इंग्रजी शिकवायला पुण्याहून सर यायचे. त्या दिवशीचा धडा भुकेचा. मोठ्या हॉटेलातला पाहुणा भूक लागली असं साधं म्हणत नाही, म्हणे. आय ॲम स्टार्व्हिंग म्हणतो. आय ॲम फॅमिश्ड म्हणतो. लईच लागली तर आय कुड ईट अ हॉर्स. म्हणजे आख्खा घोडा खाईन. एकेकानं उठायचं, पोटावर हात फिरवायचा आणि ॲक्टिंग करून म्हणायचं.

माझ्या आधीच्यांनी म्हटलं. त्यांना कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं. सरांनी माझी पट्टी वाचली. मग ते वाक्य.

शेजारी स्नेहल होती. आम्ही रोज एका डब्यात जेवायचो. तीही हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

मी खाली बसले. पुढचा तास काय शिकवलं, काही कळलं नाही.

मी राधानगरीकडच्या एका वाडीतली. वडील लहानपणीच गेले. आई दुसऱ्याच्या रानात भाताची लावण करायची. लावण संपली की काम संपायचं, पाऊस मात्र कोसळतच राहायचा. त्या दिवसांत आमच्या घरात भूक हा शब्द कुणी काढायचं नाही. बंदी नव्हती. पण तो शब्द निघाला की आई चुलीपाशी जायची, रिकामं भांडं उगाच हलवायची आणि आमच्याकडं पाठ करून बसायची. ती पाठ बघवायची नाही. म्हणून मी आणि थोरली बहीण म्हणायचो, “आये, झोप आलीया.” भर दुपारी. आईला कळायचं. “पाणी पी आन पड माझ्याजवळ,” म्हणायची.

आमच्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढली. त्यांचं मांस खाल्लं. गावानंच ते काम त्याच्या गळ्यात बांधलं होतं. हे आईनंच मला सांगितलं. कुजबुजत नाही, चांगलं मोठ्यानं.

त्या धड्यानंतर माझं नाव पडलं. हॉर्स. “हॉर्स आली काय?” “हॉर्सला विचारा.” नाश्ता होऊन तास झाला नाही तोवर पोरं एकमेकांना सांगायची, आय ॲम स्टार्व्हिंग. आणि माझ्याकडं बघायची. मी तो शब्द मोबाइलवर शोधला. उपासमारीनं मरणं, असा अर्थ होता. मिसळ खाऊन ढेकर देणारी पोरं तो शब्द रोज बोलत होती.

दुसऱ्या दिवशी डबा उघडताना स्नेहल म्हणाली, “माझा उपास हाय आज.” त्याच्या दुसऱ्या दिवशीही उपास. मग मी विचारणं सोडलं. धुवायच्या चादरींचे ढीग पडलेले असायचे त्या खोलीत एकटी बसून खायला लागले. खालून रश्श्याचा वास यायचा. घास फिरत राहायचा तोंडात.

आईचा फोन यायचा. “जेवलीस काय गं?”

“व्हय की. पोटभर.”

ट्रेनिंग संपताना हॉटेलचे मालक आणि मॅनेजर बघायला आले. पुढं खुर्च्या मांडल्या होत्या. सर म्हणाले, “आता हॉर्सचं वाक्य. ते हिलाच शोभतं.” मागून खसखस सुरू झाली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

मी उठले. “मी न्हाय म्हणणार.”

“का? सोपं तर आहे.”

“सोपं हाय. पण तुम्ही माझ्या जातीवरनं बोललासा. सगळ्यांच्या म्होरं. तुमच्यात सगळं चालतं, असं म्हणालासा.”

सर मालकांकडं बघून हसले. “गंमत होती हो ती.”

मॅनेजर खुर्चीतनंच म्हणाला, “पोरी, नोकरी पायजे का न्हाय तुला? बस खाली.”

“पायजे. म्हणून तर आलो. पण बसणार न्हाय.”

“आलो नाही. आले,” सर म्हणाले.

आमच्याकडं बाया आलो, गेलो असंच बोलतात. एवढं सांगूनही त्या माणसाला माझ्या बोलण्यातली चूकच ऐकू आली. आणि मागं कुणीतरी पुन्हा हसलं.

त्या हसण्यानं माझ्यातलं उरलंसुरलं भ्या गेलं. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. दारापर्यंत कुणी आलं नाही. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. घरी जायची एसटी मिळाली असती. मी पोलीस ठाण्यात गेले.

साहेब म्हणाले, “एवढ्या तेवढ्यावरनं कशाला केस? समजुतीनं घ्या.”

“लिहून घ्या,” मी म्हटलं. बाकावरून हलले नाही. संध्याकाळी त्यांनी लिहून घेतलं.

साक्षीदार म्हणून मी स्नेहलचं नाव दिलं. तिचा फोन आला. “मला काय ऐकू आलं न्हाय. माझं नाव घिऊ नको.” तो तिचा शेवटचा फोन.

आता मी कबनूरला एका कारखान्यात कापड तपासते. यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. खोलीवर एकटीच असते. केस चालू आहे. तारखेला सर वकील आणि दोन मित्र घेऊन येतात, चहा पितात. माझ्या शेजारचा बाक रिकामा असतो.

परवा मॅनेजरनं फोन केला. “मिटवून टाकूया की. सर माफी मागायला तयार हायत. माझ्या केबिनमध्ये, चौघांत. तूबी कामावर ये परत.”

“बोलले ते सगळ्यांच्या म्होरं. माफी केबिनमध्ये?”

“हट्ट करू नको. एकटी पडशील.”

“पडलोय की कवाच,” मी म्हटलं. “आता काय काढून घेणार?”

मग आईचा फोन. तिच्यापर्यंतही कुणीतरी पोचलं होतं. “किती दिवस एकटी झुंजशील गं? ये माघारी.”

“आये, मी न्हाय मिटवणार.”

“जेवलीस काय गं?” तिनं विचारलं.

पुढच्या तारखेला मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. साक्षीला कुणी येवो न येवो, तक्रार मागं घेणार नाही.